एकदा शह बसलेला राजा

हायकानूश आत्या तोंडात टाचण्या धरल्यासारखी बोलते. सव्वीस वर्षं तिने सालोरूतच्या शाळेत शिवण शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तिच्या ओठांत खरोखरच टाचण्या असायच्या. आता नसतात, पण तोंड पूर्ण उघडायची सवय गेली ती गेलीच. शब्द डाव्या कोपऱ्यातून चिंचोळे होऊन बाहेर पडतात. "सरळ धर. कापड आहे ते, मेंढी नाही." शाळेतल्या सगळ्या मुली तिची नक्कल करतात. सोपी आहे. ओठ दाबायचे, भुवया उचलायच्या आणि अख्ख्या जगाने शिलाई वाकडी घातलीय अशा नजरेने बघायचं.

ती माझी सख्खी आत्या. शेजारच्या घरात एकटी राहते आणि कॉफीला रोज आमच्याकडे असते. शाळेतही सुटका नाही. आमचा नववीचा वर्ग आणि तिची खोली ह्यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे, तीही नावापुरती.

दोन वर्षांपूर्वी शिवणाला चार मुली उरल्या. मुख्याध्यापक गेघाम सरांनी आत्याला बोलावून घेतलं. गेघाम सर एकही वाक्य सरळ शेवटाला नेत नाहीत. अर्ध्या वाटेवर ते स्वतःलाच घाबरतात.

"हायकानूश, शिवण बंद असं नाही. बंद कोण म्हणतंय? फक्त तास... तास म्हणजे, नाहीत."

"म्हणजे बंद."

"बंद नाही. पण बुद्धिबळ आहे."

सरकारने दुसरी ते चौथी बुद्धिबळ सक्तीचं केलं होतं, गणितासारखं, वही आणि मार्कांसकट. आमच्या गावात बुद्धिबळ न खेळणारा पुरुष शोधून सापडणार नाही. बर्फ पडलेला नसेल तर सगळे बेकरीच्या भिंतीशी उन्हाला बसून खेळतात, पडलेला असेल तर तो झाडून खेळतात. पण शिकवायला शिक्षकाची पदवी लागते. पदवी आणि रिकामे तास हे दोन्ही असलेलं माणूस गावात एकच होतं.

"मला घोडा कसा चालतो ते पण माहीत नाही," आत्या म्हणाली.

"येईल. म्हणजे, यायलाच लागेल."

मग ती ग्यूम्री शहरात दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेली. सेहेचाळिसाव्या वर्षी, डबा घेऊन. येताना तिच्याकडे एक जाड वही होती आणि त्या वहीत घोडा, उंट, वजीर, प्यादं सगळ्यांच्या चाली कपड्याच्या कागदी नमुन्यांसारख्या बाण काढून आखलेल्या होत्या. सगळं तिला जमलं. अडलं ते किल्लेकोटापाशी.

किल्लेकोट म्हणजे राजाने हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकायचं आणि हत्तीने राजाला ओलांडून पलीकडे बसायचं. अख्ख्या खेळात दोन सोंगट्या एकदम हलतात त्या फक्त इथे, आणि नेमक्या ह्याच खेळीला अटी.

"का पण?" आत्या कॉफीचा कप आपटून विचारायची. "बाकी सगळे एकेकटे चालतात. हे दोघे मिळून कुठे निघाले? आणि निघायचंच आहे तर सरळ निघा ना! राजा आधी हललेला नको, तो हत्ती आधी हललेला नको, मध्ये कोणी उभं नको, शहामध्ये असताना नको, शहातून जायला नको, शहात पोचायला नको. ज्याने हे काढलं त्याला एकदा माझ्यासमोर बाही जोडायला बसवा."

पहिली दोन वर्षं सगळ्यांना कच्च्या परवान्यावर शिकवायला देत होते. पक्क्या परवान्यासाठी परीक्षा होती. वीस प्रश्न, सोळा बरोबर हवेत. आत्याचे पंधरा आले. चुकलेल्या पाचांपैकी चार किल्लेकोटाचे. त्यातला एक असा: राजाला आधी एकदा शह मिळाला होता, पण राजा जागचा हलला नाही, आता शह नाही, तर किल्लेकोट चालेल का?

आत्याने लिहिलं, नाही.

सालोरूतमध्ये कोणीही हेच लिहिलं असतं. आमच्या गावात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की एकदा शह बसलेला राजा किल्लेकोट करत नाही. भिंतीशी हा नियम आहे, लग्नाच्या मांडवात आहे, ट्रकच्या बॉनेटवर पट मांडला तरी आहे. आत्याने हा नियम लहानपणापासून कानावरून जाताना ऐकला होता. पुस्तकात नेमकं उलटं होतं हे तिने वाचलं नव्हतं असं नाही, पण वाचताना तिला वाटलं की छापताना चूक झाली असेल.

दुसऱ्या परीक्षेला ती इतकी सावध होऊन गेली की तिने सगळीकडे 'चालेल' लिहून टाकलं. समोर शह उभा आहे, चालेल. वाटेत शह आहे, चालेल. पुन्हा पंधरा.

"पंधरा!" ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. टाचण्यांमधून 'पंधरा' हा शब्द शिवीसारखा येतो. "नियम उलटा लिहिला तरी पंधरा, सुलटा लिहिला तरी पंधरा. मी झोपून राहिले असते तरी पंधराच आले असते."

तिसरी संधी शेवटची. ह्या वेळी कागद नव्हता. मार्चमध्ये तपासनीस बाई येणार आणि आत्याचा उघडा तास बघणार. उघडा तास म्हणजे पालकांनी मागच्या बाकांवर येऊन बसायचं, बायकांनी गाट्याच्या गोड पोळ्यांची ताटं आणायची आणि मुलांनी स्वच्छ नखांनी उत्तरं द्यायची. त्यात ती पास झाली तर वर्ग तिचा. नापास झाली तर सकाळच्या बसने पलीकडच्या गावचा कोणी शिक्षक येऊन शिकवणार, आणि आत्या घरी.

"घरी बसून मी भांडू कोणाशी?" ती म्हणाली. "कोंबड्यांशी?"

बाबा म्हणाले, "माझ्याशी भांड की."

"तुझ्याशी तर शाळेत जाऊन पण भांडते."

किल्लेकोट तिला कळला तो फेब्रुवारीत, बोघारमुळे. बोघार हा बेकरीच्या भिंतीशी खेळणाऱ्या ह्राचिक आजोबांचा मेंढपाळी कुत्रा, वासराएवढा. शाळेच्या बोळात त्यांचं फाटक आहे आणि कुत्र्याची साखळी अर्ध्या बोळापर्यंत पोचते. गावातल्या प्रत्येक पोराला साखळी नेमकी कुठे संपते ते घोट्याला माहीत आहे. आदल्या दिवशी बोघार आत्याच्या अंगावर आला होता. ती तिथेच ताठ उभी राहिली, एक पाऊल मागेपुढे नाही, आणि ह्राचिक आजोबांची सून मध्ये येऊन उभी राहिली तेव्हा तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो मागच्या अंगणात बांधलेला होता. आत्या बोळाच्या तोंडाशी थबकली, आणि तशीच उलट्या पावली आमच्याकडे आली. बाबा दाढी करत होते.

"काल कुत्रा माझ्यावर आला. मी जागची हलले नाही. आज तो तिथे नाहीये. मग आज मी बोळातून जायचं की नाही?"

"जायचं की. न जायला काय झालं?"

"मग राजाने का नाही जायचं?"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. "राजाचं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"एकदा शह बसला की बसला."

"का पण?"

"का म्हणजे? ह्राचिक आजोबा म्हणतात."

आत्या गालावर साबण लागलेल्या आपल्या भावाकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली, आणि पिशवीकडेही बघितलं. "मी साखळीच्या बाहेरून चालले, आणि माझी पिशवी साखळीच्या आतून घासत गेली, तर चावेल तो पिशवीला. मला काय? पिशवी म्हणजे मी नाही!" तेव्हा बाबांना वाटलं की बहीण कामातून गेली. पण तो हत्ती होता. हत्ती ज्या घरावरून सरकतो तिथे शत्रूची नजर असली तरी चालतं. बघायचं ते राजाचं. राजा जिथे उभा आहे ते घर, ज्यावरून जातो ते घर आणि जिथे थांबतो ते घर, ह्या तिन्हींवर कुत्रा पोचता कामा नये. काल पोचला होता ह्याचा आजशी संबंध नाही.

त्या दिवशी फळ्यांच्या भिंतीतून आम्ही नववीवाल्यांनी भूगोल सोडून हेच ऐकलं. "आता सांगा, बोघार कुठे बांधलाय?" दुसरी ते चौथीची नऊ पोरं एकदम ओरडली. दोन वर्षं अडलेलं प्रकरण वीस मिनिटांत पार पडलं. चौथीतल्यांनी तर साखळीची लांबी पण मोजून सांगितली.

घोटाळा संध्याकाळी झाला. ह्राचिक आजोबांचा नातू झावेन तिसरीत आहे. तो बेकरीच्या भिंतीशी आजोबांबरोबर खेळायला बसला, शह खाल्ला, प्यादं मध्ये घातलं आणि चार खेळ्यांनी खुशाल किल्लेकोट केला.

ह्राचिक आजोबा प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात, म्हणजे सगळ्यांना गप्प व्हायला वेळ मिळतो. "ख्ख्म्. तुझं दुखणं मला येवो रे बाळा, पण राजा जागेवर ठेव."

"बाईंनी सांगितलं चालतं म्हणून."

"कुठल्या बाईंनी?"

"हायकानूश बाईंनी. तुम्ही आपल्या बोघारला मागे बांधलंत ना, म्हणून चालतं."

भिंतीशी जे काही झालं ते मी ब्रेड आणायला गेले होते म्हणून ऐकलं. आधी कोणाला काही कळेना. कळल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. शिवणाची बाई! कुत्र्यावरून बुद्धिबळ! उद्या ही सांगेल प्यादं मागे जातं, कारण तिची कोंबडी मागे जाते! ह्राचिक आजोबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी झावेनचा राजा स्वतःच्या हाताने परत मधल्या घरात ठेवला आणि म्हणाले, "ख्ख्म्. लिहून द्यायला पाहिजे."

आणि दिलं लिहून. एकतीस सह्या. पहिला मुद्दा: शिक्षिका मुलांना बुद्धिबळाचे चुकीचे नियम शिकवतात. दुसरा मुद्दा: शाळेत एका प्रामाणिक कुत्र्याची बदनामी होते. एकोणतिसावी सही बाबांची.

"तू?" आत्या म्हणाली.

"सगळे करत होते. मी एकटा काय उभा राहू?"

"नको म्हणायचं होतंस!"

"पेन माझंच होतं गं."

तेव्हापासून बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिने लावलं नाही आणि आईलाही लावू दिलं नाही.

गेघाम सरांनी तो कागद टेबलावर ठेवून वर पुस्तक ठेवलं, आणि पुस्तकावर पेला. "ही तक्रार नाही, हायकानूश. विनंती आहे. म्हणजे, तक्रारच आहे. तू असं कर, उघड्या तासाला उंट घे. तिरका जातो, सुंदर दिसतो, कोणाचं काही म्हणणं नसतं."

"त्या आठवड्याच्या पाठात किल्लेकोट आहे. तपासनीस बाईंकडे पाठांची यादी आहे."

"मग किल्लेकोट घे. पण असा घे की... घेतल्यासारखा."

आता तिची गोची अशी, की पुस्तकाप्रमाणे शिकवावं तर गाव तपासनिसासमोर उभं राहून ओरडणार, आणि गावाप्रमाणे शिकवावं तर परवाना गेला. ह्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचीच खात्री नव्हती. ती रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन वहीचं तेच पान उघडायची आणि बोट ठेवून वाचायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, पाठ झालंय की तुला." तर म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळा पण मला पाठच होतं. दोन्ही वेळा मी अगदी खात्रीने चुकले." वही मिटून पाच मिनिटांनी परत उघडायची. जणू मधल्या वेळात कोणी नियम बदलून जाईल.

उघड्या तासाला निम्मं गाव आलं. आम्हा नववीवाल्यांना बाकं वाहून आणायला लावलं आणि मग भिंतीशी उभं केलं. गाट्याची सहा ताटं खिडकीत मांडली होती. पहिल्या बाकावर ह्राचिक आजोबा, कोट घालून, टोपी गुडघ्यावर. कोपऱ्यात तपासनीस न्वार्द मॅडम, मांडीवर जाड पाकीट. त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्या बोलतायत की श्वास घेतायत ते समजत नव्हतं. त्या बहुतेक दोनच शब्द बोलायच्या. "नोंद घेतली."

गेघाम सरांनी स्वागत केलं. "आज आपल्याकडे पाहुण्या... म्हणजे पाहुण्या नाहीत, तपासायला आल्यात. पण पाहुण्याच."

"नोंद घेतली," न्वार्द मॅडम म्हणाल्या.

आत्याने भिंतीवरच्या कापडी पटाच्या खिशांत सोंगट्या अडकवल्या. पट तिने स्वतः शिवला होता, एकही टाका वाकडा नाही. मांडणी अशी होती: पांढऱ्या राजाला काळ्या उंटाने मघाशी शह दिला होता, पांढऱ्याने प्यादं पुढे ढकलून तो अडवला होता, राजा जागचा हलला नव्हता. काळ्याचा तो उंट आता मागे गेलाय. दुसरा काळा उंट वजिराकडच्या हत्तीशेजारच्या घरावर नजर ठेवून बसलाय. पांढऱ्याला त्या बाजूला किल्लेकोट करता येईल का?

नऊ पोरं. एरवी बोघारचं नाव काढलं की ओरडणारी. आज सगळ्यांनी माना वळवून आधी मागच्या बाकांवर आपापल्या आजोबांकडे बघितलं. शेवटी झावेनने हात वर केला.

"बाई, शाळेतलं उत्तर सांगू का घरचं?"

मागे कोणीतरी हसलं. न्वार्द मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पटावरचं सांग," आत्या म्हणाली.

"ख्ख्म्," ह्राचिक आजोबा उभे राहिले. "पोराला कशाला अडचणीत घालतेस? मी सांगतो. नाही करता येत. आणि का नाही, तेही सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली, मॅडम, ह्याच खोलीत."

अठ्ठ्याहत्तरची गोष्ट सालोरूतमध्ये सगळ्यांना येते. सुगीच्या जत्रेला ग्यूम्रीहून एक मोठा खेळाडू आला होता. एकाच वेळी वीस पटांवर वीस जणांशी खेळला. एकोणीस जिंकला आणि एक हरला, ह्राचिकशी. ह्राचिक तेव्हा ट्रॅक्टर चालवायचे. पाहुण्याने किल्लेकोट करायला राजा उचलला आणि ह्राचिकनी त्याचा हात धरला: तुमच्या राजाला मघाशी शह बसलाय. सगळं गाव म्हणालं, बरोबर. पाहुण्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, हसला आणि राजा परत ठेवला. अकरा खेळ्यांत मात.

"त्याने ठेवला," आजोबा म्हणाले. "ग्यूम्रीच्या चॅम्पियनने! नियम नसता तर ठेवला असता?"

मागच्या बाकांवरून हुंकार आले. पटावरच्या मांडणीकडे बोट दाखवून कोणी म्हणालं, "अरे, हीच तर होती ती!" आणि होतीच जवळपास. आत्या तेव्हा, अठ्ठ्याहत्तर साली, बारा वर्षांची होती, गाट्याचं ताट घेऊन त्याच पटाशेजारी उभी. वहीतला प्रश्न मांडताना तिच्या हाताने बहुतेक तेच मांडलं असावं. निदान तिच्या चेहऱ्यावरून मला तसं वाटलं, कारण ती पटाकडे बघत होती आणि पांढरी पडली होती.

गेघाम सर कुजबुजले, "उंट, हायकानूश. अजून उंट घेता येईल."

"उत्तर बाईंनी द्यावं," न्वार्द मॅडम म्हणाल्या.

आत्याने ओठ उघडले. पूर्ण उघडले, मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिचे दात बघितले. "चालतो," ती म्हणाली. "शह मघाशी होता, आता नाही. राजा हलला नव्हता. उंट बघतोय ते घर हत्तीच्या वाटेत आहे, राजाच्या वाटेत नाही. चालतो." इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला शिलाई अर्धी सोडता येत नाही. "ह्राचिक काका, तेव्हाही चालत होता. पाहुणा होता तो. जेवून बसला होता आपल्याकडे. आपण चाळीस जण त्याच्याभोवती उभे होतो. तो तुम्हाला नाही कसा म्हणणार?"



"नोंद घेतली," न्वार्द मॅडम म्हणाल्या.

ह्राचिक आजोबांनी छपराखालीच टोपी डोक्यावर घातली, झावेनचा हात धरला आणि निघाले. मागोमाग बाकं सरकली. सहा ताटांतला एकच तुकडा कमी झाला, तो मॅडमनी खाल्ला. जाताना त्यांनी गेघाम सरांना मऊ आवाजात सांगितलं की परवाना टपालाने येईल, शिक्षिका पास आहेत.

पास! आत्याला तो शब्द घेऊन कुठे जावं ते कळेना. बेकरीत तिला लावाशची करपलेली पातळ रोटी मिळायला लागली. भिंतीजवळून ती गेली की सोंगट्यांचा आवाज थांबायचा. आणि सोमवारी तिच्या तासाला नवातले चार आले, गुरुवारी दोन. बाकीचे व्हरांड्यात दप्तरावर बसून राहिले. झावेन तिला दारातून हात करायचा, पण आत यायचा नाही.

"परवाना आहे," गेघाम सर म्हणाले, "तास पण आहेत. म्हणजे, आहेत, पण कोणासाठी? रिकाम्या खोलीला तास दाखवता येत नाहीत, हायकानूश. वरून विचारतात."

"मग मी काय करू? खोटं शिकवू?"

"खोटं नाही. म्हणजे..." आणि त्यांनी टेबलावरचा पेला उचलून परत पुस्तकावर ठेवला.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि कॉफी प्यायलीच नाही. "चुकत होते तेव्हा सगळे हसून बोलायचे," ती म्हणाली. "दोनदा नापास झाले तर बेकरीवाली म्हणाली, असू दे जान, होतं असं. आता एकदा बरोबर आलं तर कोणी नमस्कार घेत नाही."

बाबा शर्टाच्या रिकाम्या काजात बोट फिरवत बसले. बटण अजून लागलेलं नव्हतं.

ह्राचिक आजोबा दहाव्या दिवशी आले. शाळा सुटली होती, आम्ही काही जण अजून अंगणात होतो. त्यांनी काखेत स्वतःचा लाकडी पट आणला होता. मागून झावेन, आणि त्याच्या मागून एकेक करत बेकरीची अख्खी भिंत. आत्या फळा पुसत होती.

"ख्ख्म्. बस, पोरी."

"कशाला?"

"बस म्हटलं ना."

त्यांनी पट उघडला आणि न अडखळता मांडायला घेतला. छत्तीस वर्षं झाली, पण कुठलं प्यादं कुठे होतं ते त्यांना स्वतःच्या दातांसारखं पाठ होतं. मांडून झाल्यावर पांढरी बाजू आत्याकडे फिरवली. पाहुण्याने राजा उचलला होता, त्याच्या अगदी आधीची ती मांडणी.

"कर," ते म्हणाले. "कर तुझा किल्लेकोट. बघू तरी काय होतं ते."

आत्याने खडूचा हात झग्याला पुसला. राजा दोन घरं नेला, हत्ती पलीकडे ठेवला. कोणी तिचा हात धरला नाही.

मग ते खेळले. पाऊण तास. दारातून, खिडकीतून माणसं बघत होती, आणि एकदाही कोणी मध्ये बोललं नाही, हे सालोरूतमध्ये आधी कधी झालेलं नाही. आत्याचे ओठ गेले आत, कान लाल. तिने एक प्यादं जिंकलं तेव्हा ह्राचिक आजोबा खाकरले. मग तिने घोडा उचलून पुढे घातला आणि तिच्या वजिरावरचा पहारा उठला. हे तिला घोड्यावरून बोट काढल्यावर दिसलं. आजोबांना आधीच दिसलं होतं. वजीर गेला. पुढे नऊ खेळ्यांत मात.

ह्राचिक आजोबा पाठीला टेकले. चेहरा असा खुलला की त्यांच्यातला ट्रॅक्टरवाला दिसला. "बघितलंत? केला असता किल्लेकोट, तरी हरलाच असता!" ते सगळ्यांकडे वळले. मग झावेनकडे. "ख्ख्म्. बाई सांगतात ते बरोबर आहे. शह बसून गेला असला तरी चालतो. माझी काही हरकत नाही."

आणि गेघाम सरांना म्हणाले, "त्या कागदातला पहिला मुद्दा खोडा. कुत्र्याचा राहू दे."

सोमवारी नऊच्या नऊ पोरं आत बसली. भिंतीशीही आता नियम बदललाय, अर्थात तो ह्राचिक आजोबांनी बदललाय.

डाव झाला त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आनंद होता. बेकरीवालीने स्वतः येऊन ताजा लावाश दिला आणि आत्याचे दोन्ही गाल धरले. "किती मोठं मन गं तुझं! म्हाताऱ्याला जिंकू दिलंस!" बाबा पण म्हणाले, "मला तेव्हाच कळलं. घोडा उचललास ना, तेव्हाच. मी म्हटलं, बघा माझी बहीण. मुद्दाम हरली, पण त्याची शान राखली." आई डोळे पुसत होती.

आत्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

"मुद्दाम?" ती म्हणाली.

"आम्ही कोणाला सांगणार नाही," बाबा म्हणाले.

"मुद्दाम? मी जीव तोडून खेळत होते! मला जिंकायचं होतं! मी प्यादं मारलं होतं त्याचं!"

"हो हो," बेकरीवाली म्हणाली आणि बाबांना डोळा मारला.

आत्याने टेबलावरचे कप, चीज, कोथिंबीर सगळं एका हाताने बाजूला लोटलं आणि बाबांचा पट मध्ये आपटला. सोंगट्या मांडायला लागली. भराभर, न अडखळता. "इथे. घोडा नको होता इथे. हत्ती हवा होता. हत्ती आणला असता तर त्याचा उंट अडकला असता, हा बघ, ह्या बाजूने, मग त्याला राजा हलवायलाच लागला असता. बस."

"मी?"

"तू ह्राचिक काका. बस समोर."

"अगं, मला जेवायचंय."

"आधी हे," आत्या म्हणाली, आणि हत्ती सरकवून बाबांची खेळी होईपर्यंत त्यांच्या ताटावर हात ठेवून बसली.